खलनायकाचा बायोडाटा

डिटेक्टिव्ह गोष्टीतला खलनायक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक माणूस उभा राहतो. गालावर व्रण, लालभडक डोळे, तोंडात सिगार आणि गडगडाटी हसणं. ही सवय आपल्याला हिंदी पिक्चरने लावली. असा माणूस पडद्यावर आला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं, हाच तो! मग डिटेक्टिव्हला काम काय उरलं?

सर आर्थर कॉनन डॉइल यांना हे बरोबर माहीत होतं. त्यांच्या शेरलॉक होम्सच्या गोष्टी आपल्यापैकी कित्येकांनी इंग्रजीतून वाचल्या असतील, कित्येकांनी भालबा केळकरांनी केलेल्या मराठी पुस्तकांतून. त्यातली एक गोष्ट १९०३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आली, ‘द एम्प्टी हाऊस’, म्हणजे रिकामं घर. मेला असं सगळे समजत होते तो होम्स याच गोष्टीत परत येतो, त्यामुळे वाचणाऱ्याचं सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. पण या गोष्टीत खरी गंमत आहे ती तिच्या खलनायकाची. त्याचं नाव कर्नल सेबॅस्टियन मोरान.

गोष्ट थोडक्यात अशी. १८९४ साल. लंडनमध्ये रोनाल्ड अडेअर नावाचा तरुण रात्री आपल्या खोलीत मरून पडलेला सापडतो. डोक्यात गोळी. दार आतून बंद. खिडकी उघडी, पण ती वीस फूट उंचावर आणि खालचा फुलांचा वाफा जसाच्या तसा. गोळीचा आवाज कुणीही ऐकलेला नाही. बघा, डॉइल आपल्याला आधी खलनायकाचं फक्त काम दाखवतात. मग कळतं त्याचं हत्यार. एका आंधळ्या जर्मन मेकॅनिकने बनवलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी बंदूक. (मेकॅनिकलवाल्यांनो, ही नुसती कल्पना नाही बरं का. १८व्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनीने बनवलेल्या एअर रायफली खरोखर वापरात होत्या.) आणि चेहरा दिसतो तो पकडल्यावर.

त्यानंतर होम्स आपल्या नोंदवहीतली त्याची माहिती वॉटसनला वाचायला देतो आणि वॉटसन चाट पडतो. कारण तो बायोडाटा गुन्हेगाराचा वाटतच नाही. वडील इराणमध्ये ब्रिटिश सरकारचे वकील होते. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्ड. हिंदुस्थानातल्या पलटणीत नोकरी, अफगाण लढाईत भाग. शिकारीवर दोन पुस्तकं लिहिलेली. जखमी नरभक्षक वाघाच्या मागे हा माणूस एकदा नाल्यातून सरपटत गेला होता. म्हणजे सगळी माहिती एखाद्या हीरोची! आणि हाच माणूस पत्त्यांत लबाडी करतो, आणि ती पकडणाऱ्या तरुणाचा मुडदा पाडतो.

आता खानदेशातल्या वाचकाला हा बायोडाटा ओळखीचा का वाटावा, ते सांगते. असाच बायोडाटा असलेला एक खराखुरा माणूस आपल्याकडे दहा वर्षं राहून गेला आहे. त्याचं नाव आपण सगळे घेतो, फक्त माणूस म्हणून घेत नाही. धुळे किंवा चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरला जाताना कन्नडच्या आधी जो घाट लागतो, एस.टी. हळूहळू चढते आणि गाड्यांची रांग लागली की सगळे कंटाळतात, तो औट्रम घाट. हे नाव ज्याचं, तो जेम्स औट्रम. मोरान म्हणजे औट्रम नव्हे. मोरान लेखकाच्या डोक्यातून निघाला. पण हिंदुस्थानात आलेला शूर शिकारी साहेब हा जो साचा डॉइलने वापरला, त्या साच्यातल्या नावाजलेल्या माणसांपैकी औट्रम एक. म्हणून त्याचं आयुष्य मोरानच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याचे वडील बेंजामिन औट्रम हे इंजिनिअर होते. तेही साधेसुधे नाहीत. कालवे बांधणारे, लोखंडाच्या कारखान्याचे एक संस्थापक, आणि घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी इंग्रजी ‘एल’ आकाराचे लोखंडी रूळ टाकणारे. वाफेची रेल्वे यायच्या आधीची ही रेल्वेच! औट्रम या नावातूनच ‘ट्राम’ शब्द आला असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण ते खरं नाही. तो शब्द खाणींमध्ये आधीपासून होता. जेम्स दोन वर्षांचा असताना, १८०५ मध्ये, वडील वारले आणि घरची परिस्थिती बिघडली. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडला गेली. ॲबरडीनला थोडं कॉलेज झालं आणि १८१९ मध्ये जेम्स कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून मुंबईला उतरला. वय १६. चण बारीक, उंची कमी. याला फौजेत कुणी घेतलं, असं वाटावं असा.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८१८ मध्ये, पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला होता. पहिला अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणं केलं. तेव्हाचा खानदेश म्हणजे आजच्यासारखा केळीचा आणि कापसाचा हिरवा पट्टा नव्हता. १८०३-०४ चा दुष्काळ, फौजांच्या चाली आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. शेतात झुडपं माजली होती आणि झुडपांत वाघ होते. गावाची राखण करून त्याबद्दल हक्क घेणारे भिल्ल या धामधुमीत डोंगरात गेले होते. पोटासाठी लूट करत होते. नव्या सरकारने सुरुवातीला एकच उपाय केला, फौज पाठवायची. डोंगराच्या वाटा अडवायच्या, पाठलाग करायचा, पकडायचं, फाशी द्यायची. सहा-सात वर्षं हे चाललं आणि काही निष्पन्न झालं नाही. सरकारी कागदांत मात्र भिल्ल म्हणजे गुन्हेगार हे समीकरण पक्कं होत गेलं. म्हणजे खलनायकाचं कार्ड तयार होतं, फक्त नावं भरायची बाकी.

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण बदलायचं ठरवलं. तीन भिल्ल एजन्सी काढल्या. वस्ती करायला जमीन द्यायची, बैलांसाठी आणि बियाण्यासाठी तगाई द्यायची, मागचे गुन्हे माफ करायचे. आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करायची. हे शेवटचं काम लेफ्टनंट औट्रमकडे आलं. वय २२! आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढं. ठिकाण मिळालं धरणगाव. जळगावहून सुरतच्या गाडीत बसलं की अमळनेरच्या आधी जे स्टेशन लागतं, तेच धरणगाव.

आता विचार करा. ज्यांना सात वर्षं बंदुका घेऊन शोधलं, त्यांनाच म्हणायचं की या, आमच्या पलटणीत भरती व्हा. कोण येणार? हा सापळा आहे, सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून मारून टाकतील, ही भीती साहजिकच होती. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच लोक आले. औट्रमने त्यांना आपल्या अवतीभवती ठेवलं, त्यांच्याच हातात हत्यारं दिली आणि स्वतः वेगळा पहारा ठेवला नाही. त्यांच्या पाड्यांवर तो बिनधास्त जायचा. आणि त्यांच्याबरोबर शिकारीला जायचा. शिकार हीच त्याची भरतीची जाहिरात होती म्हणा ना! काही वर्षांत कित्येक शे लोकांची पलटण उभी राहिली. पगार रोख, शिक्षा सगळ्यांना सारखी, आणि साहेब स्वतः पुढे.

त्याच्या शिकारीच्या गोष्टी त्याच्या चरित्रात भरपूर आहेत. एकदा निवडुंगाने भरलेल्या टेकडीवर वाघाने त्याच्यावर झेप घेतली आणि दोघं गडगडत खाली आले. औट्रमने तशातच पिस्तूल काढून वाघाला गोळी घातली. साहेब रक्तबंबाळ बघून भिल्लांनी आकांत मांडला, तर हा म्हणे मांजराने ओरबाडल्याइतकीही फिकीर करायला तयार नाही. एकदा कपारीतला वाघ नीट दिसेना, तेव्हा बरोबरच्या भिल्लांनी आपले फेटे एकमेकांना बांधले आणि त्याला कड्यावरून खाली सोडलं. लोंबकळत त्याने नेम धरला. दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी दीडशेच्या वर वाघ मारले. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. त्या काळी ओसाड गावं पुन्हा वसवायची तर वाघ मारणं हे सरकारी कामच समजलं जायचं.

नाल्यात सरपटणारा मोरान आणि फेट्यांना लोंबकळणारा औट्रम. सांगा, दोघांत फरक काय? धाडसात तर काहीच नाही. डॉइलची हुशारी इथेच आहे. त्याने खलनायकाला भित्रा दाखवला नाही. उलट होम्स त्याला पकडतो तेच शिकाऱ्याच्या पद्धतीने. झाडाखाली बकरी बांधतात तसा होम्स आपल्या खिडकीत स्वतःचा मेणाचा पुतळा ठेवतो आणि समोरच्या रिकाम्या घरात दबा धरून बसतो. मोरान तिथे येतो आणि नेम धरतो तो पुतळ्यावर. मचाणावर बसणारा माणूस या वेळी वाघाच्या जागी सापडतो. एवढा मुरलेला शिकारी, पण आमिष त्याला ओळखू येत नाही.

औट्रमचं पुढचं आयुष्य इथून वेगळं वळण घेतं. पण ते सरळ नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

खानदेशातही सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. १८३० मध्ये त्याने डांगावर स्वारी केली. १८३१ मध्ये यावल-अडावद भागातल्या तडवी भिल्लांचं बंड त्याने मोडलं आणि शेकडो लोकांना पकडलं. माया आणि धाक, दोन्ही त्याच्याकडे होतं. १८३५ मध्ये तो खानदेश सोडून गेला.

त्यानंतर १८३९ च्या अफगाण मोहिमेत त्याने जे केलं ते होम्सच्या गोष्टीत शोभलं असतं. कलात जिंकल्यावर तिथली खबर घेऊन तो अफगाणी वेष करून शत्रूच्या मुलखातून निघाला आणि थेट समुद्रकाठच्या सोनमियानी बंदरावर पोचला. आठवडाभर घोड्यावर! कुणाच्या लक्षात आला असता तर मान गेली असती.

मग सिंध. १८४३ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हजारो बलुची चालून आले, तेव्हा मूठभर शिपायांनिशी त्याने ती लढवली. त्याच्या शौर्यावर खूश होऊन सर चार्ल्स नेपियर याने त्याला फ्रान्सच्या बेयार्ड या निष्कलंक सरदाराची उपमा आधीच दिली होती. पुढे नेपियरने सिंध कंपनीच्या राज्यात घेतला. सगळीकडे जयजयकार चालू असताना औट्रमने जाहीर विरोध केला. सिंधच्या अमीरांवर अन्याय झाला असं त्याचं म्हणणं होतं. त्यावर त्याने पुस्तक लिहिलं आणि नेपियरशी जन्माचं वैर घेतलं. लुटीतला त्याच्या वाट्याला आलेला पैसा, सुमारे ३००० पौंड, त्याने स्वतःसाठी ठेवला नाही. धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. त्या काळात हा आकडा केवढा मोठा होता! मोरानने पत्त्यांतल्या पैशासाठी खून केला. याने हक्काचे म्हणून मिळालेले पैसे सोडले, कारण ते ज्या लढाईतून आले ती त्याला पटली नव्हती.

१८४४-४५ मध्ये कोल्हापूर-सावंतवाडीच्या गडकऱ्यांचं बंड मोडणाऱ्या फौजेत तो होता, आणि त्यानंतर साताऱ्याला रेसिडेंट. १८४७ पासून बडोद्याला. आणि बडोद्यात तर तो अक्षरशः डिटेक्टिव्ह झाला. तिथे एक रोग होता, त्याला लोक खटपट म्हणत. आपण जी ‘खटपट’ म्हणतो तोच शब्द, पण अर्थ वाकडा. मुंबईच्या सरकारी कचेरीत पैसे चारून हवा तो निकाल लावून घ्यायचा. इंग्रज सरकारच्या छापील कागदपत्रांतही हा मराठी शब्द तसाच शिरला! एका मोठ्या सावकारी पेढीच्या विधवेवर झालेल्या अन्यायाचं प्रकरण औट्रमने धसाला लावलं. साक्षी, कागद, पत्रं गोळा केली आणि १८५१ मध्ये मोठा रिपोर्ट पाठवला. त्याचा रोख थेट मुंबईकडे होता. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडच्या सरकारने काय करावं? औट्रमलाच बडोद्यातून काढलं. होम्सने गुन्हेगार पकडला आणि पोलिसांनी होम्सलाच हाकलला, तसं झालं. पुढे लंडनच्या संचालकांपर्यंत प्रकरण गेलं आणि १८५४ मध्ये त्याला बडोद्याला परत नेमावं लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! हीरो पास, खलनायक नापास. पण आयुष्य पुढे जातं.

१८५४ च्या शेवटी औट्रम लखनौला रेसिडेंट झाला. अवधचा कारभार किती बिघडला आहे याचा रिपोर्ट त्याने केला. त्या रिपोर्टचा आधार घेऊन लॉर्ड डलहौसीने अवध खालसा केलं. फेब्रुवारी १८५६ मध्ये वाजिद अली शाहपुढे सहीसाठी कागद ठेवणारा माणूस औट्रमच होता. नबाबाने सही केली नाही, तरी राज्य गेलं. सिंधच्या अमीरांसाठी भांडलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने दुसरं राज्य बुडवलं. तो हुकमाचा ताबेदार होता असं म्हणता येईल. पण सिंधच्या वेळी हुकमावर बोट ठेवणारा हाच होता ना?

सत्यजित रे यांनी १९७७ मध्ये ‘शतरंज के खिलाडी’ काढला. प्रेमचंदांच्या कथेवरचा. त्यात हा औट्रम आहे, आणि ते काम केलं आहे रिचर्ड अॅटनबरो यांनी, ज्यांनी पुढे १९८२ मध्ये ‘गांधी’ दिग्दर्शित केला. त्या पिक्चरमधला औट्रम ओरडत नाही, कुणाला मारत नाही. त्याला आपलं काम पुरतं पटलेलं नाही असंही दिसतं, आणि तरी तो ते करतो. असा खलनायक बघताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

१८५७ मध्ये इराणची मोहीम जिंकून तो परत आला तोवर उठाव पेटला होता. लखनौकडे जाणाऱ्या फौजेवर सेनापती म्हणून त्याची नेमणूक झाली. पण हॅवलॉकने तोवर एवढे कष्ट घेतलेले होते, तर लखनौ सोडवल्याचं श्रेयही त्यालाच मिळावं म्हणून औट्रमने आपला हुद्दा बाजूला ठेवला आणि त्याच्या हाताखाली साधा स्वयंसेवक म्हणून लढला. व्हिक्टोरिया क्रॉससाठी बरोबरच्या घोडेस्वारांनी त्याचं नाव सुचवलं, ते त्याने नाकारलं. श्रेयासाठी एका ग्रुपमधले चार जण प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव वर, यावरून भांडतात हे आपण बघतो. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

त्याच वेळी आपल्या खानदेशात काय चाललं होतं? सेंधवा घाटात सरकारी पहाऱ्यावर असलेला खाज्या नाईक बंड करून उठला होता. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घालून मारलं. १८६० मध्ये खाज्या नाईक फितुरीने मारला गेला. औट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिली. सरकारी दफ्तरात खाज्या नाईकाची नोंद दरोडेखोर म्हणून आहे. आज धुळे-नंदुरबारकडे त्याच नावाला क्रांतिकारक म्हणून मान आहे. माणूस तोच, नोंदवही बदलली.

औट्रमला सर, मग बॅरोनेट हे किताब मिळाले. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात तो बसला. तब्येत ढासळल्यावर १८६० मध्ये परत गेला आणि ११ मार्च १८६३ ला फ्रान्समधल्या पो या गावी वारला. वय ६०. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची कबर आहे.

आता मोरानकडे परत येऊ. एवढा सन्मानाने जगलेला माणूस असा का घसरला, या वॉटसनच्या प्रश्नाला होम्स एक थिअरी सांगतो. काही झाडं एका उंचीपर्यंत सरळ वाढतात आणि मग अचानक वेडीवाकडी होतात, तसं माणसाचंही होतं आणि त्याचं मूळ रक्तात, पूर्वजांत असतं. वॉटसनलाही हे फारसं पटत नाही, आणि आपल्यालाही पटू नये. कारण एखाद्याच्या रक्तातच गुन्हा आहे असं म्हणणं किती धोक्याचं, ते भिल्लांच्या इतिहासाइतकं दुसरं कोण सांगेल? धरणगावला १८२५ मध्ये जे झालं त्याने तर उलटच सिद्ध केलं. जे आदल्या वर्षापर्यंत कागदावर गुन्हेगार होते, त्यांच्या हातात विश्वासाने बंदूक दिल्यावर ते शिस्तीचे शिपाई झाले.

डिटेक्टिव्ह गोष्टीला पंधरा-वीस पानांत फाईल बंद करायची असते. त्यामुळे खलनायकाच्या बायोडाटाला एकच शेवटची ओळ लागते आणि ती होम्स लिहितो. औट्रमच्या बायोडाटाला धरणगावचे लोक एक ओळ लिहितील, बडोद्याची ती विधवा दुसरी, आणि लखनौचा नबाब तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत.

औट्रमचं नाव आज आणखी एका ठिकाणी आहे. घाटाभोवतीच्या जंगलाला १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून जाहीर केलं. एवढे वाघ मारणाऱ्याच्या नावाचं अभयारण्य! आणि २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे येऊन राहिला. पुढच्या सुट्टीत घरी जाताना घाटात गाडी अडकलीच, तर उजवी-डावीकडच्या झाडीकडे जरा बघा. आणि शेजारच्या सीटवरच्याला हे नाव कुणाचं ते सांगा. हीरो होता की व्हिलन, असं तो नक्की विचारेल. घाट उतरेपर्यंत बोलायला विषय पुरेल.